लालाला लाल

उकंडानं बॅटरीची सहाही बुचं काढून काचेची नळी आत बुडवली, तेव्हा गोपीचंद ड्रायव्हर शेडच्या दारात उभा राहून रडत होता.

"बस खाली," उकंडा म्हणाला. "अन् मले नीट सांग, गोपीभाऊ. घाटात पैले काय झालं?"

"वास आला. रबर जळल्यावानी. मंग पायापासच्या फळीतून धूर निंगाला अन् इंजन बंद. हॅन्डल मारू मारू हात सोलले माहे." गोपीचंदनं तळहात पुढं केले. "थे बाई मागच्या शिटावर निजेल होती. तिच्या सासूनं तीनदा इचारलं, भाऊ, कवा चालन? म्या तीनदा सांगतलं, आता चालन, माय. चार घंटे दुसरी मोटर आली नाई. बाईले खाली पळसापाशी निजवलं. मंग सासूनं इचारनंच सोडून देल्लं."

काल सकाळची वाशीम–अकोला गाडी. मेडशीला तांड्यावरचा सेवादास आपल्या बायकोला घेऊन चढला होता. बेबीबाई तिचं नाव. दोन दिवस अडलेली होती. मेडशीच्या सुईणीनं हात टेकले आणि अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मेडशी सुटल्यावर पातूरच्या घाटात मोटर बंद पडली ती पडलीच. बेबीबाई घाटातच गेली. मूल पोटातच राहिलं.

उकंडानं नळी वर काढली. तेजाबात ताकद कशी ती नव्हती, नुसतं पाणी असल्यासारखं. त्यानं बॅटरी उजेडाकडं ओढली आणि भोकातून आत पाहिलं. ज्या पाट्या तपकिरी असायला हव्यात त्या करड्या पडल्या होत्या, आणि करड्यांवर तपकिरी रंग चढत होता. असली बॅटरी त्यानं उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली होती, कामठीला, लढाईच्या दिवसांत. तिथल्या मिलिटरी डेपोत तो हमाल होता. एका मद्रासी हवालदारानं त्याला बॅटरीचं सगळं काम शिकवलं होतं, आणि अशी एक बिघडलेली बॅटरी समोर ठेवून म्हणाला होता, हिला उलटी वीज पाजली आहे, ही आता मेली, गाडीत बसवली तर वायरी जाळेल.

"उलटी भरली गेली हे," उकंडा म्हणाला.

"कोनं उलटी लावली?" गोपीचंदनं विचारलं.

"म्याच लावली. पण उलटी नाई लावली."

अकरा वर्षं उकंडा दौलतसिंगांच्या मोटर कंपनीत बॅटऱ्या भरत होता. आठ मोटरींच्या बॅटऱ्या, शिवाय गावातल्या दोन-चार रेडिओंच्या. टिनाच्या शेडमध्ये एक तेलाचं इंजन, पट्ट्यानं त्याला जोडलेला डायनामो, आणि भिंतीवरच्या लाकडी पाटीवरून खाली आलेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. लालाला लाल, काळ्याला काळं. तेजाबानं रंग उडतो म्हणून तो दर पोळ्याला वायरींना नवा रंग देई, आणि बॅटऱ्यांवरच्या शिशाच्या शेंड्यांनाही. तो अंधारात हातानं चाचपूनही कधी चुकला नसता.

त्यानं इंजन सुरू केलं. मग घरून भाकरीबरोबर आणलेला आलू खिशातल्या चाकूनं मधोमध कापला आणि दोन्ही वायरींची उघडी टोकं त्याच्या पांढऱ्या अंगात बोटभर अंतरावर खुपसली. हवालदारानं शिकवलेली ही सर्वांत साधी परीक्षा होती. जिथून वीज बाहेर येते त्या तांब्याच्या टोकाभोवती आलू हिरवा पडतो. दुसऱ्या टोकाला नुसता फेस.

हिरवा डाग लाल वायरीभोवती यायला हवा होता. तो काळीभोवती आला.

उकंडानं आलूचा दुसरा तुकडा घेतला. पुन्हा काळी. त्यानं इंजन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"काय झालं?" गोपीचंद म्हणाला.

"डायनामोच फिरला. लाल होती थे काळी झाली." उकंडा जमिनीवर बसला. "म्या लालाले लाल लावलं, गोपीभाऊ. पण लाल लाल नव्हतीच."

पाटीवरच्या मीटरचा काटा वीज कोणत्या दिशेनं जाते ते दाखवत नसे, फक्त किती जाते ते दाखवी. परवा तो नेहमीच्याच जागी होता. आणि परवा संध्याकाळी उकंडानं आणखी एक गोष्ट केली होती, म्हणजे केली नव्हती. ऑफिसातून दोनदा बोलावणं आलं, बॅटरी लवकर द्या, गाडी धुऊन तयार आहे. तेव्हा त्यानं बॅटरी तशीच उचलून दिली. नळी बुडवली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

*

डायनामो आपोआप फिरत नाही. तो बंद असताना कोणी त्याला उलटी बॅटरी जोडली तरच त्याच्या लोखंडातलं चुंबक उलटतं, आणि मग पुढच्या वेळी तो उलटीच वीज देतो. शेडची किल्ली दोघांकडंच होती. एक उकंडाकडं, दुसरी ऑफिसात.

ऑफिसात दौलतसिंगांचा भाचा उदयसिंग बसत असे. नागपूरला कॉलेज अर्धवट सोडून आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, स्वभावानं वाईट नाही. त्याच्या टेबलावर नवा रेडिओ होता.

"भय्याजी, तुमी शेडमंदी बॅटरी लावली व्हती काय?"

उदयसिंगनं मान वर केली. "हो. रविवारी. रेडिओची उतरली होती. तू नव्हतास. थोडाच वेळ लावली, मग लक्षात आलं की इंजन बंदच आहे, म्हणून काढली. का?"

"लाल वायर कुठी लावली व्हती?"

उदयसिंगला आठवेना. उकंडा त्याला शेडमध्ये घेऊन गेला. त्याच्या बॅटरीच्या शेंड्यांवर रंगच नव्हता. उकंडानं त्याला जाड शेंडा आणि बारीक शेंडा बोट लावून दाखवला. जाडाला लाल, बारकाला काळी. तुमी हे असं लावलं असन, अन् लावाले असं पायजे व्हतं. त्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, हातानं करून दाखवल्यासारखं हवेत दाखवलं. उदयसिंगचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे ती बाई..." तो म्हणाला.

"मालकाले सांगा, भय्याजी. मी सांगून काई होनार नाई."

"सांगतो," उदयसिंग म्हणाला. "आज संध्याकाळी सांगतो."

त्या दिवशी उकंडा लवकर घरी गेला. पंचफुलानं, त्याच्या बायकोनं, गावातलं सगळं ऐकलं होतं. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि उभीच राहिली.

"तुमच्याच्यानं झालं काय थे?"

"अर्धं," तो म्हणाला.

"अर्धं म्हंजे?"

त्यानं तिला नळीचं सांगितलं. डायनामोचंही सांगितलं, पण ते तिला कळलं नाही. नळीचं तेवढं कळलं. "थे कोनापाशी बोलू नोका," ती म्हणाली. "पाया पडतो तुमच्या."

उकंडाच्या आधी त्याच्या आईची चार मुलं गेली होती. पाचवं जगावं म्हणून त्याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं. नको असलेलं म्हणून देवानं सोडून दिलेलं पोर. पंचफुला रागावली की त्याला म्हणे, तुमाले देवानं सोडलं, मानसं नाई सोडनार. त्या दिवशी ती तसं काही म्हणाली नाही. चूल पेटवायला गेली.

*

ठाणेदार दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन आला. शेडसमोर ड्रायव्हर, कंडक्टर, मोटरस्टँडवरचे लोक जमले. दौलतसिंग खुर्ची टाकून बसले. उदयसिंग त्यांच्या मागं उभा होता आणि उकंडाकडं पाहत नव्हता.

"बॅटरी कोणी चार्ज केली?" ठाणेदारानं विचारलं.

"म्या केली, सायेब. पण डायनामो फिरेल व्हता. मी दाखवतो. समद्यांसमोर दाखवतो."

"दाखव."

उकंडानं सकाळीच बाजारातून चांगला मोठा आलू आणला होता. त्यानं इंजन सुरू केलं आणि सगळ्यांना दिसेल असा आलू स्टुलावर ठेवला. "हे पाहा. वीज जिथून निंगते तिथी आलू हिरवा होते. लालीपाशी व्हाले पायजे. पण तुमी पाहा, हा काळीपाशी होते." त्यानं टोकं खुपसली आणि मागं सरकला. लोक वाकले.

थोड्या वेळानं हिरवा डाग उमटला. लाल वायरीभोवती.

उकंडा पाहतच राहिला. त्यानं टोकं काढली, आलू फिरवला, पुन्हा खुपसली. पुन्हा लाल. इंजनाचा धक धक आवाज चालू होता. मागून कोणीतरी हसलं.

"लालच आहे की," ठाणेदार म्हणाला.

"काल काळीपाशी आला व्हता, सायेब. तीनदा पाह्यलं म्या. गोपीचंद व्हता."

गोपीचंद पुढं आला. "आला व्हता, सायेब. म्या पाह्यला." मग मालकाकडं पाहून हळू म्हणाला, "मले त्यातलं समजत नाई, पन कायतरी हिरवं आलं व्हतं."

"आता आलूवर पंचनामा लिहू काय मी?" ठाणेदारानं कागद गुडघ्यावर घेतला. "हे सांग, गाडीत द्यायच्या आधी बॅटरी तपासायची असते की नाही?"

"असते."

"कशानं?"

"काचेच्या नळीनं."

"त्या दिवशी तपासली होती?"

उकंडानं उदयसिंगकडं पाहिलं. उदयसिंग मामाच्या खुर्चीकडं पाहत होता.

"नाई," उकंडा म्हणाला. "त्या दिवशी नाई तपासली."

ठाणेदारानं ते लगेच लिहून घेतलं.

लोक पांगल्यावर उदयसिंग शेडमध्ये आला. "काल तू गेल्यावर मी परत आलो होतो. तू सांगितलंस ते खरं का, पाहावं म्हटलं. तू दाखवलं तशी बॅटरी लावून पाहिली. बरोबर लावली, उकंडा. जाडाला लाल."

"इंजन बंद व्हतं?"

"हो."

म्हणजे उदयसिंगनं या वेळी बॅटरी सुलटी लावली आणि डायनामो पुन्हा जागच्या जागी आला. उकंडानंच त्याला शिकवलं होतं. त्याला राग यायला हवा होता, पण तो शोधूनही सापडेना.

"तुमी मालकाले बोल्ले काय?"

"मामाजी म्हणाले, घरातलं नाव कागदावर येता कामा नये." उदयसिंग खाली पाहत म्हणाला. "कोर्टात जाऊ देणार नाहीत ते तुला. तेवढं कबूल केलंय."

तसंच झालं. खटला उभा राहिला नाही. दौलतसिंगांनी वर बोलून प्रकरण मिटवलं. कागदावर राहिलं ते एवढंच की बॅटरीवाल्याच्या निष्काळजीपणामुळं मोटर बंद पडली, आणि त्याला कामावरून काढण्यात आलं आहे. दौलतसिंगांनी त्याला बोलावून शेडची किल्ली मागून घेतली. "उकंड्या, तुझ्यावर माझा राग नाही," ते म्हणाले. "पण लोकांना कोणीतरी दाखवावं लागते."

*

आठ दिवसांनी उकंडा तांड्यावर गेला. पंचफुला नको म्हणत होती. मारतील तुमाले, म्हणाली. मेडशीपर्यंत तो एका बैलगाडीतून गेला आणि पुढं पायी.

सेवादास झोपडीसमोर अंबाडीचा दोर वळत होता. त्याची आई नानीबाई उंबऱ्यात बसली होती. उकंडानं चपला दूर काढल्या.

"मी वाशीमचा. मोटरीची बॅटरी माह्या हातची व्हती."

सेवादासचे हात थांबले. त्यानं उकंडाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा दोर वळायला लागला.

"पोलिसांनं कागद आनला व्हता," तो म्हणाला. "तुह्या नावाचा. म्या अंगठा देल्ला."

"बराबर केलं."

उकंडा येताना ठरवून आला होता, सगळं सांगायचं. भय्याजींचा रेडिओ, फिरलेला डायनामो, आलू. पण तिथं उभं राहिल्यावर त्याला वाटलं, हे सांगणं म्हणजे आपलं ओझं यांच्या दारात उतरवणं. त्यानं फक्त नळीचं सांगितलं. तपासायची असते, मी तपासली नाही.

नानीबाईनं लक्ष देऊन ऐकलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि ती बोलताना त्या वर सारत होती.

"मोटर चालली असती, तं माही सून वाचली असती काय?"

"मले नाई मालूम, माय."

"मलेबी नाई मालूम," ती म्हणाली. "डॉक्टरले इचारलं, थो म्हने, आनली असती तं सांगतलं असतं. आता हे कोनाले इचारू?"

तांड्यावरची माणसं आपापल्या कामात होती. मारायला कोणी आलं नाही. कोणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो निघाला तेव्हा सेवादासनं मागून विचारलं, "थे पुन्हा होईन काय? दुसऱ्या मोटरीले?"

उकंडा वळला. "होऊ शकते," तो म्हणाला.

*

पावसाळाभर उकंडा दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जात होता. बायांच्या रांगेत एकटा बाप्या. बॅटरीच्या कामाला त्याला कोणी ठेवेना. मालेगावला एकाकडं चार्जिंगचं इंजन होतं, तिथं गेला, तर त्यानं नाव विचारलं आणि पाणी पाजून परत पाठवलं.

पण घरी तो काहीतरी करत असे. भंगारवाल्याकडून त्यानं एका जुन्या मोटरीचा लोहचुंबक आणला होता, घोड्याच्या नालेसारखा वाकडा. बारीक तार आणून त्यानं ती हातानं एका लोखंडी खिळ्याभोवती गुंडाळली, शेकडो वेढे, आणि लोखंड कापायच्या करवतीचं पातं तोडून त्याची पट्टी केली. हे सगळं सागाच्या डबीत बसवलं. डायनामोतून वीज सरळ आली तर पट्टी ओढली जाई, रस्ता जुळे आणि वीज पुढं बॅटरीकडं जाई. उलटी आली तर पट्टी मागंच ढकलली जाई, आणि वीज तिथंच अडे. डायनामो बंद असताना रस्ता तुटलेलाच राही, म्हणून कोणी उलटी बॅटरी लावली तरी डायनामोला काही होत नसे.

पंचफुला चुलीजवळून पाहत असे. "हे झालं का नोकरी भेटन काय?"

"नाई."

"मंग कायले करून राह्यले?"

"मानूस चुकते," तो म्हणाला. "म्या चुकलो. ही डबी नाई चुकत."

श्रावणात डबी तयार झाली. ती घेऊन तो दौलतसिंगांकडं गेला. त्यांनी हातात घेतली, कानाजवळ हलवून पाहिली आणि परत दिली. "हे लावलं तर लोक म्हणतील, म्हणजे डायनामोतच दोष होता," ते म्हणाले. "कागदावर तर तुझा दोष आहे. मग?"

उदयसिंग त्याच्या मागोमाग रस्त्यावर आला. "मला दे," तो म्हणाला. त्यानं मामाला न विचारता डबी शेडमध्ये लावून घेतली. उकंडानं बाहेर दारात उभं राहून त्याला कोणती वायर कुठं ते सांगितलं. शेडमध्ये पाय ठेवायची त्याला मनाई होती. इंजन सुरू झालं, डबीतून टक असा आवाज आला आणि काटा वर चढला. उदयसिंग हसला. घाटातल्या त्या दिवसानंतर उकंडानं त्याला प्रथमच हसताना पाहिलं.

शेडमध्ये आता पुंजाजी नावाचा नवा माणूस होता. पिठाच्या चक्कीवर इंजन चालवलेला, कामाला वाघ. त्याला उदयसिंगनं सांगितलं, या डबीला हात लावू नको. डबी काय करते ते मात्र सांगितलं नाही. ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

*

दिवाळी झाली. कापसाच्या गाड्या जिनावर जायला लागल्या. एका सकाळी उकंडा मोटरस्टँडवरून वावराकडं चालला होता, तेव्हा गोपीचंद गाडीच्या काचा पुसताना दिसला.

"तुही डबी गेली बाप्पा," गोपीचंद म्हणाला.

"गेली म्हंजे?"

"खराब झाली. परवा पुंजाजीनं डायनामो खोलून साफ केला, वायरी सोडल्या, परत जोडल्या. तं काल सकाळी इंजन चालू, पन डबी करंटच जाऊ देईना. काटा हालेना. भय्याजी लग्नाले नागपूरले गेले. मालक बोंबलून राह्यले, बॅटऱ्या पायजेत. मंग पुंजाजीनं डबीच काढून टाकली अन् वायरी सरळ जोडल्या. अशी फसकन चार्जिंग सुरू झाली!"

उकंडाच्या डोक्यावरची भाकरीची फडकी खाली पडली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

"थे बॅटरी कुठी हाये, कालची?"

"हे का, गाडीत. स्टार्टर नाई उचलला, हॅन्डलवर चालू करा लागन."

"काढ थे. गोपीभाऊ, काढ. पुंजाजीनं वायरी उलट्या जोडल्या. डबी खराब नव्हती झाली. डबीनं अडवलं व्हतं त्याले."

गोपीचंदनं इकडंतिकडं पाहिलं. गाडी भरली होती. टपावर गाठोडी चढत होती. "मालकानं सांगून ठेवलं, उकंड्याच्या सांगन्यावर कशाले हात लावाचा नाई. माही नोकरी जाईन. तीन पोरी हायेत मले."

उकंडा शेडकडं धावला. पुंजाजीनं त्याला दारातच अडवलं. "दुसरी बॅटरी नाई. शेडमंदल्या समद्या काल एकाच माळंत लावेल व्हत्या, एकीले एक जोडून," तो म्हणाला, आणि वर म्हणाला, "तुह्या डबीपायी माहा अर्धा दिवस गेला." दौलतसिंग अजून झोपून उठायचे होते. घराच्या दरवानानं उकंडाला आत जाऊ दिलं नाही.

तो परत आला तेव्हा गोपीचंद हॅन्डल मारत होता. इंजन सुरू झालं. उकंडा गाडीत चढला.

"कुठपरेंत?" कंडक्टरनं विचारलं.

"घाटापरेंत."

"घाटात काय हाये?"

ड्रायव्हरच्या मागं, गाडीच्या तळाला जिथं बॅटरी बसवलेली असते तिथं उकंडा खालीच बसला. शेजारच्या बाईनं लुगडं सावरून त्याला जागा दिली. त्यानं उजवा तळवा फळीवर पालथा ठेवला.

मालेगाव आलं, गेलं. तळवा त्यानं उचलला नाही. लोक तुरीच्या भावावर बोलत होते, एक पोरगी आईच्या मांडीवर झोपली होती. त्या बाईनं विचारलं, "पोटात दुखून राह्यलं काय, भाऊ?" तो नाही म्हणाला. पुढंही बराच वेळ फळी गार होती. मेडशी दिसायला लागली तेव्हा ती कोमट वाटली. त्याला वाटलं, आपल्याच हाताची ऊब असेल. त्यानं डावा हात लावून पाहिला.

"गोपीभाऊ, थांबव."

गोपीचंदनं ऐकलं नाही असं केलं.

"पुढं घाट हाये," उकंडा म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही. "थांबव."

गोपीचंदची मान ताठ झाली. एकदा त्यानं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं, जिथं डोंगराची निळी रेघ सुरू होत होती. मग मेडशीच्या पारापाशी गाडी कडेला घेतली आणि इंजन बंद केलं. उकंडानं फळी उचलली. वायरीवरचं सूत तपकिरी झालं होतं, अजून जळलं नव्हतं. त्यानं धोतराचा सोगा हाताला गुंडाळून वायर ओढून काढली.

"काय झालं?" लोक ओरडायला लागले. "चांगली चालत व्हती ना गाडी!"

"बॅटरी उलटी हाये," उकंडा म्हणाला. "दुसरी मोटर येईपरेंत थांबा लागन."

"तुले कोनं सांगतलं रे? तू कोन?"

कोणीतरी त्याला ओळखलं. "अबे, हा थोच. मागं बाई मेली ना घाटात? थोच हा बॅटरीवाला. आता पुन्हा गाडी बंद पाडली यानं."

एक म्हातारा शिव्या देत खाली उतरला. एका माणसाला अकोल्याच्या कचेरीत बारापर्यंत पोचायचं होतं. त्यानं उकंडाच्या सदऱ्याला धरून हलवलं आणि सोडून दिलं. कंडक्टर म्हणाला, मालकाला सगळं सांगावं लागेल. गोपीचंद स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. आपण आपली नोकरी कशापायी घालवली, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काहीच झालं नव्हतं. धूर निघाला नव्हता, कोणी मेलं नव्हतं.

उन्हं वर आली होती. गाडीतून उतरलेली माणसं पाराच्या लिंबाखाली दाटीवाटीनं बसली. बायांनी गाठोडी सोडली, पोरांना पाणी पाजलं. उकंडा फळी परत बसवून, हात धुऊन आला आणि सावलीच्या कडेला बसला. त्याच्या शेजारी दोन माणसांची जागा होती. उन्हात उभे असलेलेही तिथं आले नाहीत. थोड्या वेळानं ऊन सरकलं, आणि त्या मोकळ्या जागेवर पडलं.